नाल्यापलीकडचं घर

इनायत खान यांनी तेहतीस वर्षं लोकांची गावं मोजली. भूमी अभिलेखच्या नोकरीत चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या शेकडो शिवारांत त्यांनी मोजणीचं टेबल लावलं. गावठाण कुठं संपतं, पांदण कुठून वळते, बोडीचं, म्हणजे लहान तळ्याचं, पाणी कोणत्या बांधापर्यंत चढतं, हे ते नकाशा न उघडता सांगायचे. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती. वरोऱ्यात रेल्वे फाटकाच्या अलीकडं दोन खोल्यांच्या घरात ते एकटे राहत. बायको नजमा दोन हिवाळ्यांपूर्वी वारली. एकुलती मुलगी आयत धानोऱ्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिच्याशी त्यांचं बोलणं नऊ वर्षांपासून बंद होतं.

सकाळी ते गोपाल झाडे यांच्या बी-बियाण्याच्या दुकानात जाऊन बसत. पेपर वाचत, अर्धा कप चहा घेत. गोपाल त्यांना खानसाहेब म्हणे. फाटकापासून मार्केट यार्डापर्यंत सगळेच म्हणत. अकरा वाजता ते घरी येत, वरणभात लावत आणि मग दिवस सुरू व्हायच्या आधीच संपल्यासारखा वाटे.

त्यांचे वडील शेरजमान पठाण होते. वयाच्या चौदाव्या वर्षी हिंग विकणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या मागं सरहद्द प्रांतातल्या डोंगरातून निघाले, रेल्वेनं वर्धा-वरोऱ्यापर्यंत आले आणि फाळणी झाल्यावर इकडंच राहिले. लाकडाच्या डेपोवर चौकीदारी केली, वरोऱ्यातल्याच एका पिंजाऱ्याच्या मुलीशी निकाह लावला. गावाकडून त्यांना कधी पत्र आलं नाही. त्यांनीही लिहिलं नाही. पण शुक्रवारची नमाज झाली की ते अंगणातल्या ओल्या मातीत काटकीनं आपलं गाव काढत. स्पीन घुंडई. म्हणजे पांढरी टेकडी.

इनायत खान नोकरीला लागले तेव्हा त्यांनी ते गाव कागदावर घेतलं. सत्त्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात सलग अकरा शुक्रवार बाप सांगत गेला आणि मुलगा आखत गेला. उत्तरेला पांढऱ्या मातीची टेकडी. तिच्या पायथ्याशी झरा. पश्चिमेकडून येऊन गावाला वळसा घालणारा, वर्षातले दहा महिने कोरडा असणारा नाला. नाल्याच्या उत्तरेला तीन खेल. खेल म्हणजे एका पूर्वजाचं कूळ, ते एका जागी घरं करून राहतं. झऱ्याजवळ सगळ्यात वर मीरदाद खेल, मधे मशिदीभोवती बहराम खेल, खाली गव्हाच्या वावरांना लागून तूर खेल. प्रत्येक खेलचा आपला हुजरा, म्हणजे पुरुषांनी बसायची, पाहुणे उतरवायची जागा. झऱ्याचं पाणी तिघांत दिवसांच्या पाळीनं. नाल्याच्या दक्षिणेला कबरस्तान, तुतीची झाडं आणि चार-दोन घरं.

बापाला मीटर-फूट कळत नव्हते. तो म्हणे, "मशिदीपासून झरा? एका हाकेवर. मोठ्यानं मारलेल्या हाकेवर." किंवा, "बंदुकीची गोळी दमून पडेल, तिथं वावर संपतं." मुलानं हाकेचे मीटर केले, गोळीचे मीटर केले. एकूण एकेचाळीस घरं. प्रत्येकाचं दार कोणत्या दिशेला, उंबरठ्याला किती पायऱ्या, अंगणात कुत्रं बांधायचे की नाही, एवढं सगळं बापाला पाठ होतं.

"आन् आपलं घर?" मुलानं विचारलं होतं.

बापाचं बोट आधी नाल्याच्या दक्षिणेला टेकलं. मुलानं तिथं चौकोन काढलाही. मग बाप म्हणाला, "नाई, नाई. वर. मीरदाद खेल आपला. झऱ्यापाशी काढ." खालचा चौकोन रबरानं खोडला. कागद तिथं थोडा खरबरीत झाला, एवढंच.

नोकरीत त्यांच्यासोबत लटारू नैताम नावाचा, मोजणीची साखळी धरणारा गोंड साखळीवाला होता. धानोऱ्याकडच्या एका टोल्यावर, म्हणजे पाड्यावर, मोजणी चालू असताना लटारूनं त्यांना समजावून सांगितलं होतं, "ह्या बाजूनं सहा देव पुजणाऱ्याइची घरं, साहेब. त्या बाजूनं सात देववाले. सोयरिक ह्याइची त्याइच्यात होते, आपल्या आपल्यात होत नाई." तेव्हा इनायत खान अभिमानानं म्हणाले होते, "आमचंही तसंच आहे, लटारू. आमचा खेल सगळ्यात वरचा."

हाच वरचा खेल आयतच्या आड आला होता. तिला मुन्नाशी लग्न करायचं होतं. मुन्ना बारावीपर्यंत तिच्यासोबत शिकला होता. त्याच्या वडिलांचं, करीमभाईंचं, बसस्टँडसमोर केस कापायचं दुकान होतं. करीमभाई स्वतः मागणी घेऊन आले, मिठाईचा डबा मांडीवर धरून खुर्चीच्या टोकावर बसले. इनायत खान यांनी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, "करीमभाई, मुलगा चांगला आहे. पण आमच्यात खेल पाहतात. हजामाच्या घरात आम्ही मुलगी देत नाई." करीमभाई डबा तिथंच ठेवून उठले.

त्या दिवशी आयत दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "तुमचा तो गाव तुम्ही तरी पाह्यला का, अब्बा?"

पुढच्या महिन्यात तिनं धानोऱ्याला बदली घेतली आणि मुन्नाशी निकाह केला. नजमा जाऊन आली, इनायत खान गेले नाहीत. नजमाच्या मयतीला आयत आली, बायकांत बसली, संध्याकाळच्या बसनं परत गेली. बापलेकीची नजरानजरसुद्धा झाली नाही.

एकटेपणात माणसाला काहीतरी शोधायला लागतं. इनायत खान फोनवर उपग्रहातून दिसणारी जमीन पाहायला शिकले आणि दुपारच्या दुपार बापाचं गाव शोधू लागले. पांढऱ्या टेकड्या पुष्कळ निघाल्या. नालेही पुष्कळ. पण नाल्याचं वळण हे माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखं असतं, हे त्यांना नोकरीनं शिकवलं होतं. दोन महिन्यांनी एका दुपारी ते वळण सापडलं. त्यांनी नकाशा शेजारी ठेवून पाहिला. टेकडी, वळण, कबरस्तानाचा उंचवटा, सगळं जागच्या जागी. फक्त नाल्याच्या काठावर गाव नव्हतं. नुसते गोटे पसरले होते. घरं दूर, वर, एका डांबरी रस्त्याच्या कडेला दिसत होती.

त्या भागातल्या परदेशी गेलेल्या लोकांचं फेसबुकवर एक पान होतं. त्यांनी नकाशाचा फोटो काढून तिथं टाकला आणि उर्दूत लिहिलं, माझे वडील शेरजमान, मीरदाद खेल, इथून १९३८च्या सुमारास निघाले. कोणी ओळखतं का?

गोपालला त्यांनी सांगितलं, तेव्हा तो गल्ल्यावरून पुढं वाकला. "काऊन नसती झंझट करून राह्यले, खानसाहेब? तिकडच्या लोकाइशी बोलणं म्हणजे... आजकालचे दिवस कसे आहेत माहीत आहे ना तुमाले."

"बापाचं गाव पाहतो फक्त, गोपाल. दुसरं काय करतो मी?"

एकोणीस दिवस काही आलं नाही. विसाव्या दिवशी शारजातून नूरजादा नावाच्या एकाचा निरोप आला. तो तिथं टॅक्सी चालवत होता आणि त्याच गावचा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. त्याची उर्दू मोडकी होती पण आवाज फार अदबीचा.

"चाचा, हा नकाशा तुम्ही कुठून आणला?"

"वडिलांनी सांगितला, मी काढला."

"माझे आजोबा नव्वदीचे आहेत. मी त्यांना तिकडं पाठवला. काल दिवसभर फोन हातातून सोडला नाही त्यांनी. एकेका दारावर बोट ठेवून माणसांची नावं घेत होते. २०१०च्या पुरात ते सगळं गाव वाहून गेलं, चाचा. आमच्या पोरांना माहीतच नाही कुणाचं घर कुठं होतं. आजोबा म्हणतात, आमचं गाव आता फक्त ह्याच कागदावर उरलं आहे."

इनायत खान यांनी नकाशा जवळ ओढला. त्यांनी विचारलं, "मीरदाद खेलमधलं शेरजमानचं घर त्यांना ओळखू आलं?"

नूरजादानं आवाज खाली आणला.

"चाचा, वाईट वाटून घेऊ नका. आजोबांनी एक गोष्ट विचारली आहे. तिन्ही खेलांची सगळी दारं तुमच्या वडिलांना कशी माहीत? आमच्यात एका खेलचा माणूस दुसऱ्या खेलच्या गल्लीत जात नाही. गेला तर हुजऱ्यापर्यंत. कुणाच्या अंगणात कुत्रं आहे, उंबरठ्याला किती पायऱ्या आहेत, हे आजोबांनासुद्धा फक्त आपल्याच खेलचं माहीत. सगळ्या गल्ल्यांत जाणारं एकच घर होतं. नाल्यापलीकडचं."

"कोणाचं?"

"लालबाजचं. तो हमसाया होता."

इनायत खान यांना उर्दूतला हमसाया माहीत होता. शेजारी. ते म्हणाले, "म्हणजे आमचे शेजारी?"

"नाही, चाचा. आमच्याकडं हमसाया म्हणजे जो कुठल्याच खेलचा नाही, खेलच्या सावलीत राहतो. त्याला जमीन नाही, पाण्याची पाळी नाही, जिरग्यात, म्हणजे पंचांच्या बैठकीत, बसायला जागा नाही. लालबाज गावाचा हजाम होता. लग्नाचं बोलावणं, जन्माची खबर, मयताचा सांगावा, सगळं दारोदार तो आणि त्याचा पोरगा पोचवायचे. त्या पोराचं नाव शेरजमान. हिंगवाल्यासोबत हिंदुस्थानात गेला तो परत आला नाही. आजोबा तेव्हा पाच वर्षांचे होते. त्यांना तो आठवत नाही. त्याची आई आठवते. ती नाल्याच्या उतारावर बसायची आणि परतणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला विचारायची. पुष्कळ वर्षं विचारत होती."

"आता तिकडं कोण आहे त्यांचं?"

"कोणी नाही. पुरानंतर प्रत्येक खेलनं आपापल्या लोकांना वर जमीन दिली. हमसायांना कोण देणार? ते कराचीकडं गेले. कुठं, ते माहीत नाही." नूरजादा घाईनं पुढं म्हणाला, "तो काळ वेगळा होता, चाचा. आजोबा तुम्हाला सलाम सांगतात. नकाशा मोठा, साफ करून पाठवाल का? नव्या मशिदीत लावायचा आहे."

"पाठवतो," इनायत खान म्हणाले.

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ बसून राहिले. कुकरची वाफ निघून गेली, भात गार झाला. त्यांना बापाचे हात आठवले. शेरजमाननं आपल्या पोरांना कधी न्हाव्याकडं पाठवलं नाही. म्हणायचा, पठाण दुसऱ्याच्या वस्तऱ्याखाली मान देत नाही. रविवारी पोरांना ओळीनं बसवून स्वतः केस कापायचा, आणि असे कापायचा की शाळेत मास्तर विचारत, कोणत्या दुकानात गेला होता? मोहल्ल्यात बाळ जन्मलं की जावळ काढायला शेरजमानला बोलावत. तो पैसे घेत नसे. बाळाचं डोकं तळहातावर तोलून धरण्याची त्याची ती पद्धत. इनायत खान यांनी सत्तर वर्षं ते पाहिलं होतं, आठवलं होतं, लोकांना कौतुकानं सांगितलंही होतं. आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

आधी त्यांना बापाचा राग आला. मग वाटलं, चौदा वर्षांचा एक पोरगा अनोळखी मुलखात उतरला. तिथं त्याला कोणी ओळखत नव्हतं. कोणी विचारलं, तू कोण? त्यानं गावातलं सगळ्यात वरचं घर सांगितलं. एकदा सांगितलं की मग आईला पत्र लिहिणंही अवघड झालं असेल, कारण पत्रावर खरा पत्ता घालावा लागतो. बापानं तरी पोटासाठी, मानासाठी खोटं सांगितलं होतं. आपण त्या खोट्यावर मुलगी घालवली.

आठ दिवस ते गोपालच्या दुकानात गेले नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी नकाशा टेबलावर घेतला. नोकरीत चुकीची दुरुस्ती करायची एक रीत होती. खोडायचं नाही. लाल शाईनं एक रेघ मारायची, बाजूला बरोबर ते लिहायचं, खाली सही आणि तारीख. झऱ्याजवळच्या घरावर त्यांनी लाल रेघ मारली. नाल्याच्या दक्षिणेला, जिथं कागद खरबरीत होता, तिथं चौकोन काढून उर्दूत लिहिलं, लालबाज हजाम यांचं घर. सही करताना इनायत खान असं लिहिलं, मग थोडं थांबून तारीख घातली. चंद्रपूरला जाऊन मोठी प्रत काढून घेतली आणि फोटो नूरजादाला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "आजोबा विचारतात, ते घर मशिदीच्या भिंतीवर दिसलेलं चालेल ना तुम्हाला?" त्यांनी लिहिलं, "त्यासाठीच काढलं आहे."

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ते धानोऱ्याला निघाले. फोन केला नाही. केला आणि तिनं येऊ नका म्हटलं तर, ही भीती होती. पहाटेची चंद्रपूर बस, तिथून मूलमार्गे गडचिरोली. वैनगंगेच्या पुलावरून खाली पाहिलं तर पात्रात वाळूच वाळू. गडचिरोलीहून धानोऱ्याची बस धरली तेव्हा ऊन चढलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जंगलात बायका टोपल्या घेऊन मोहफुलं वेचत होत्या. ह्या प्रत्येक फाट्यावर ते कधी ना कधी साखळी घेऊन उतरले होते. आज बसमध्ये त्यांना ओळखणारं एकही माणूस नव्हतं.

मुन्नानं इथं टाकलेलं केस कापायचं दुकान त्यांनी लांबून पाहिलं आणि तसेच पुढं गेले. दवाखान्याच्या मागं कर्मचाऱ्यांच्या खोल्या होत्या. तिसऱ्या खोलीच्या दारात सात वर्षांची एक मुलगी वहीत काहीतरी लिहीत बसली होती. त्यांना पाहून ती आत पळाली. आयत बाहेर आली. केसांत पांढरे दिसू लागले होते. ती दाराची चौकट धरून उभी राहिली.

"कोणी गेलं का?" तिनं विचारलं.

"नाई. मीच आलो."

ती बाजूला झाली. त्यांनी आत जाऊन खुर्चीच्या टोकावर बूड टेकवलं. तिनं पाणी दिलं आणि गॅससमोर पाठमोरी उभी राहिली. त्यांनी तिच्या पाठीलाच सगळं सांगितलं. फेसबुक, शारजा, नव्वदीचा म्हातारा, नाल्यापलीकडचं घर, उतारावर बसणारी आई. लालबाज काय करायचा, हेही सांगितलं. चहा उकळून वर आला तेव्हा तिनं गॅस बंद केला, पण गाळला नाही.

"दादाजान हजाम होते," ती म्हणाली.

"त्याइचे वडील. ते पोरगे होते तवा."

"म्हणून आले तुम्ही."

"माफी मागाले आलो, बेटा. तुझी. मुन्नाची. करीमभाई तर राह्यले नाईत."

"एक सांगा, अब्बा." ती वळली. "उद्या तो म्हातारा फोन करून म्हणाला का माही चूक झाली, शेरजमान मीरदाद खेलचाच होता. तर? उठून जाल इथून?"

इनायत खान यांना चटकन नाही म्हणता आलं असतं. बसमध्ये त्यांनी पुष्कळ वाक्यं जुळवली होती, त्यांतलं एखादं चाललंही असतं. पण तिच्याकडं पाहिल्यावर त्यांना ती वाक्यं आठवेनात.

"मले माहीत नाई," ते म्हणाले. "नाई जाणार असं वाटते. पण कळलं नसतं तर आलो असतो का, हे मले खरंच नाई सांगता येत."

आयत गॅसकडं वळली. मग तिनं चहा गाळला. "अम्मीनं शेवटी तुमाले काही म्हटलं होतं का माह्याबद्दल?"

"म्हणत होती, जाऊन या. मी म्हणत होतो, उन्हाळ्यात जाऊ."

तिनं पोळ्या केल्या, वालाच्या शेंगांची भाजी गरम केली. जेवायला मुन्ना आला. दारातच थबकला, सलाम केला, हात धुऊन खाली बसला. इनायत खान यांनी त्याच्यासमोर दोन्ही हात जोडले, तेव्हा तो गडबडून म्हणाला, "असं नका करू जी, पोरगी पाहून राह्यली." त्यानंतर जेवण होईपर्यंत तो उन्हाबद्दल आणि तेंदूपत्त्याच्या यंदाच्या हंगामाबद्दल बोलत राहिला. कोणीतरी बोलत राहायला हवं होतं. नातीनं आपलं नाव इकरा असं सांगितलं. हा माणूस कोण, हे तिनं विचारलं नाही. तिला कोणी सांगितलंही नाही.

आयतची दोन वाजताची ड्युटी होती. ते तिच्यासोबत दवाखान्याच्या फाटकापर्यंत चालत गेले. तिथं ती थांबली.

"राहाले सांगत नाई मी," ती म्हणाली. "जमणार नाई मले. आत्ताच नाई."

"मी राहाले आलोच नव्हतो."

"पुढच्या खेपेले फोन करून या. ड्युटी कोणती आहे ते पाहून या."

ती आत गेली. ओसरीवर रांगेत बसलेल्या बायकांमधून वाट काढत गेली आणि दिसेनाशी झाली. इनायत खान बसस्टँडवर गेले. गडचिरोलीची बस पावणेचारला होती. शेजारी एक म्हातारी मोहफुलांचं गाठोडं मांडीवर घेऊन झोपली होती. सगळ्या स्टँडवर त्याचा आंबूस-गोड वास भरून राहिला होता. वरोऱ्याला पोचेपर्यंत अंधार पडला. त्यांनी कुलूप काढलं, दिवा लावला आणि न जेवता झोपले.

पुढच्या बुधवारी सकाळी फोन वाजला. आयतचा होता. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"पोचले होते ना नीट?" तिनं विचारलं.

पोचून आठवडा झाला होता. "पोचलो," ते म्हणाले.

तिकडून भांड्यांचा आवाज येत होता, कोणीतरी बादली सरकवत होतं, इकरा पावसाची कविता मोठ्यानं पाठ करत होती आणि एका ओळीवर पुन्हा पुन्हा अडत होती. आयतनं फोन ठेवला नाही. इनायत खान तो कानाला धरून कॉटवर बसून राहिले.